नळी क्रमांक एकशे सतरा

नार्वात दगड जाळतात.
तपकिरी, पानापानांनी सुटणारा दगड.
पेटतो, पण जवळजवळ निम्मा राख होऊनच उरतो,
आणि ती राख बॉयलरच्या पोटात
रात्रंदिवस नळ्यांना घासत राहते.

आज बॉयलर बंद. चौथा दिवस.
आत शिरायचं ते रांगत, कपाळावर दिवा बांधून.
भिंती अजून कोमट,
नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारख्या.
मी एकेका नळीला मापक टेकवते,
रिम्मा बाहेर बसून आकडे उतरवते.
दोनशे ऐंशी. दोनशे त्र्याहत्तर. दोनशे ऐंशी.
दोन हिवाळ्यांपूर्वी तीनशे मायक्रॉन होता.
"बरं टिकलंय म्हातारं," रिम्मा म्हणते.
लेपाला म्हणते की हेल्दुरला, कळत नाही.

हेल्दुरनं मारला होता हा लेप.
निकेल-क्रोमियमची तार ठिणगीत वितळते,
हवेचा झोत तिला फेकतो,
थेंब आदळतो, चपटा होतो, थिजतो,
त्यावर दुसरा, त्यावर तिसरा,
पापुद्र्यावर पापुद्रा.
लोकांना वाटतं, चिकटतो.
अगं, अडकतो तो!
म्हणून आधी पोलाद ओरबाडून घ्यायचं
कुरुंदाच्या कणांनी,
गुळगुळीत अंगावर काही ठरत नाही.
हे त्यानंच शिकवलं मला, ओरडून,
फवाऱ्याच्या बंदुकीनं त्याचे कान तेव्हाच खाल्ले होते.

आणि हेही, की
नव्या लेपाचं कौतुक करू नकोस.
तापू दे त्याला.
सहाशे अंशांत राहून राहून
त्याच्यावर काळसर साय धरते,
आपली आपणच,
पुढचा मार ती खाते.
समोरून येणाऱ्या राखेला घाबरू नकोस.
झिजवते ती तिरकी.

एकशे पंधरा, दोनशे शहात्तर.
एकशे सोळा, दोनशे एकाहत्तर.
एकशे सतरा.
मापक शून्य दाखवतं.
पुन्हा टेकवते. शून्य.
हातमोजा काढून चाचपते.
तळहाताएवढं उघडं पोलाद,
आणि भोवती कड, बोट कापेल अशी.
झिजलेल्याला कड नसते.
हे सुटलंय.
"आकडा?" बाहेरून रिम्मा.
"थांब."

संध्याकाळी तो नदीवर असतो, गळ टाकून.
पलीकडच्या काठावर दुसरा देश, तिथंही कुणीतरी गळ टाकून.
बादलीत सापासारखे दोन मासे.
मी वहीत लिहून दाखवते,
एकशे सतरा. तळहाताएवढी.
तो वाचतो. चष्मा पुसतो. पुन्हा वाचतो.

"तो शुक्रवार होता,"
बहिरी माणसं बोलतात तसं, गरजेपेक्षा मोठ्यानं,
पलीकडचा माणूससुद्धा मान वर करतो.
"सकाळी लेइडाला कागद दिले होते सह्या करून.
एकतीस वर्षांचे. पाच मिनिटांत झालं.
मग इथं आलो, कुरुंदाची नळी उचलली,
शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेलो,
आणि वाटलं, पुरे.
आज आणखी काही ओरबाडायचं नाही."

गळाची दोरी हलते. तो बघत नाही.

फॉर्मवर कारणासाठी एकच ओळ असते, बोटभर.
'पूर्वतयारी अपुरी', मी लिहिते.
तो माझ्या पिशवीतून मापक काढतो,
बाही सारून मनगटाला टेकवतो,
जुन्या ठिणग्यांचे पांढरे ठिपके आहेत तिथं.
पडद्यावर नुसत्या रेघा.
"बिघडलंय तुझं यंत्र," तो म्हणतो
आणि एक मासा वर्तमानपत्रात गुंडाळून देतो.

सकाळी पुन्हा आत.
एकशे सतराच्या त्या जागेवर
कुरुंदाचा झोत सोडते मी,
लागतो त्याहून जरा जास्तच वेळ.
चकाकी जाते, राखाडी खरखर उरते.
बाहेर रिम्मा विचारते, "आकडा?"
अजून काही नाही, मी म्हणते.
आता मारू.